चार्जरचा हिरवा दिवा नीट वाच
नवी ई-स्कूटर घेतलीस, तर आधी चार्जरच्या दिव्यांची ओळख करून घे. बहुतेक चार्जरवर लाल म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे पूर्ण. तरी पुस्तिका बघच, कंपनीगणिक रंग बदलतात. खरी गोम हिरव्यात आहे. बॅटरी जोडलेली नसली तरी तो बऱ्याच चार्जरवर लागतो. त्यामुळे उतरलेली बॅटरी लावताक्षणी हिरवा दिसला, तर बहुधा पिन सैल आहे किंवा फ्यूज उडालाय. पिन काढून घट्ट बसव आणि दिवा लाल होतो का बघ. लिथियम बॅटरीत शेवटी करंट हळूहळू उतरतो, म्हणून अखेरचा टप्पा रेंगाळतो. ते बरोबरच आहे. फिरून आल्यावर बॅटरी गरम असेल तर निवू दे, मगच लाव. आणि दुसऱ्या गाडीचा चार्जर उसना घेऊन अजिबात लावू नकोस.