हार्ड डिस्कची इमेज घेताना ४ जीबीला कॉपी थांबते. ड्राइव्ह खराब आहे का?

नाही. नवीन ड्राइव्हवर पैसे घालू नका, दुकानदार काहीही म्हणो. तुम्ही कळव्याहून लिहिलंय की वडिलांच्या जुन्या लॅपटॉपमधल्या ५०० जीबी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब कॉपी, १ टीबीच्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर घेताय, त्यात ९०० जीबी मोकळे आहेत, तरी ४ जीबीच्या आसपास ‘फाइल फार मोठी आहे’ असा एरर येऊन काम बंद पडतं. शिवाय हा ड्राइव्ह आधी टीव्हीला लावण्यासाठी कोणाकडून तरी फॉरमॅट करून घेतला होता, असंही सांगितलंय. सगळी गोम तिथेच आहे. तो फॅट३२ मध्ये, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत (फाइल सिस्टिममध्ये), फॉरमॅट झालेला असणार. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘फाइल सिस्टिम’समोर काय लिहिलंय ते दिसेल.

फॅट३२ १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. प्रत्येक फाइलचा आकार लिहून ठेवायला तिच्यात ३२ बिटांची जागा आहे. तेवढ्या जागेत मावणारा सर्वात मोठा आकडा म्हणजे ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. पुढचा बाइट आला की तो नोंदवायला जागाच नाही, मग ड्राइव्ह रिकामा असो की भरलेला. घरच्या लग्नाचं शूटिंग कॅमेऱ्यातून तुकड्यातुकड्यांत का येतं, याचंही बरेचदा हेच कारण असतं. ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डं फॅट३२ वर चालतात, त्यामुळे ४ जीबी झाले की कॅमेरा आपोआप नवीन फाइल सुरू करतो.

आता उपाय. तुमच्याकडे विंडोज आहे, तर ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या आजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये करा. तिथेही एका फाइलला मर्यादा आहे, पण नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ती सुमारे १६ टीबी येते, तुम्हाला आडवी येणार नाही. विंडोजची स्वतःची सिस्टिम इमेज घ्यायची सोय तर फॅट३२ ड्राइव्ह पुढे केला की सरळ नकार देते, तिला एनटीएफएसच लागतं. ड्राइव्हवरचे व्हिडिओ न पुसता हे करता येतं: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि ‘कन्व्हर्ट’ या कमांडला ड्राइव्हचं अक्षर आणि एनटीएफएस एवढं सांगायचं. पण हा रस्ता एकेरी आहे, परत फॅट३२ करायचं तर सगळं पुसावं लागतं. म्हणून आत जे मोलाचं आहे त्याची आधी दुसरीकडे एक कॉपी घ्या. घरात मॅक असेल तर एक्सफॅट ही तिसरी फाइल सिस्टिम बरी, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. मात्र एक्सफॅटला जर्नल, म्हणजे होणारे बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही, नसतं. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएसपेक्षा तिथे नुकसानीची शक्यता जास्त. टीव्हीला एनटीएफएस चालतं का ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या, बऱ्याच टीव्हींना चालतं.

इमेजचे ४ जीबीपेक्षा लहान तुकडे करून फॅट३२ वरच ठेवा, असंही कोणीतरी सुचवेल. क्लोनझिलासारखं सॉफ्टवेअर ते स्वतःच करतं आणि ते वाईट नाही. हाताने तुकडे पाडण्याला मात्र माझा विरोध आहे. मी महापे एमआयडीसीतल्या काही छोट्या कारखान्यांचे आणि नौपाड्यातल्या एकदोन सीए ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. एका ऑफिसात हिशेबाच्या मशीनची इमेज आधीच्या माणसाने कॉम्प्रेस करून, तुकडे पाडून वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली होती. मशीन बंद पडलं आणि बघतो तर मधला एक तुकडा गायब. सलग कॉम्प्रेस केलेल्या फाइलचा मधला भाग गेला की त्याच्यापुढचं काहीच उघडत नाही. पुढचे सगळे तुकडे शाबूत होते, त्यात त्या वर्षाची बिलं होती आणि ती मिळाली नाहीत. ड्राइव्ह एनटीएफएस करायला थोडाच वेळ लागला असता. त्या माणसाने तेवढा वेळ दिला असता तर, असं मला अजून वाटतं.

यापेक्षा जास्त काळजी मला वडिलांच्या डिस्कची वाटते. लॅपटॉप मधेच अडकतो, फोल्डर उघडायला मिनिटभर लागतो असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. डिस्क थकत आली असेल तर प्रत्येक फसलेला प्रयत्न तिचं उरलंसुरलं आयुष्य खातो. आता ड्राइव्हचा फॉरमॅट नीट होईपर्यंत ती वाचायलाही घेऊ नका. आतून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप बंदच करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आवाज नसेल पण वाचताना अडखळत असेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, हट्टी सेक्टर (डिस्कचे सहज वाचले न जाणारे छोटे तुकडे) शेवटी घेतं, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मधे लाइट गेली तरी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइटीचा भरवसा नसतो, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे. डीडीरेस्क्यू रिकामी जागाही उचलतं, तेव्हा पूर्ण ५०० जीबी मोकळे हवेत. तुमच्याकडे ते आहेत.

डिस्क ठणठणीत असेल तर क्लोनझिला घ्या. ते फक्त वापरलेली जागा उचलतं, वेळ आणि जागा दोन्ही वाचतात.

वेळेचा अंदाज देतो. लॅपटॉपला जुने यूएसबी २ पोर्ट असतील तर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे अख्ख्या ५०० जीबीला साडेचार तासांहून जास्त. स्लीप मोड आधी बंद करा. रात्री लावून झोपणार असाल तर लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा, त्याला हवा लागली पाहिजे.

इमेज झाली की ती उघडून बघा. क्लोनझिला काम सुरू करण्याआधीच ‘इमेज झाल्यावर ती तपासू का’ असं विचारतं, तिथे हो म्हणा. डीडीरेस्क्यूची इमेज लिनक्समध्ये रीड-ओन्ली माउंट करा (म्हणजे फक्त वाचता येईल अशी ड्राइव्हसारखी उघडा) आणि वडिलांचे दहाबारा फोटो, एखादी एक्सेल फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. ते होईपर्यंत लॅपटॉप कोणाला देऊ नका आणि त्यात नवीन विंडोज टाकू नका.