वाचकांचे प्रश्न : वितळायला उष्णता किती?

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या तारा गॅसच्या छोट्या भट्टीत वितळवतो. तापमान ६६० अंशांपर्यंत भराभर चढतं आणि तिथेच अडकून बसतं. बर्नर लहान पडतो का? तांब्याला तर १०८५ अंश लागतात, मग त्याला गॅस किती जाईल?

उत्तर : बर्नर बहुधा ठीक आहे. १ किलो अ‍ॅल्युमिनियम ३० अंशांवरून ६६० ला न्यायला सुमारे ६७० किलोज्यूल उष्णता लागते. त्यापुढे, तापमान एका अंशानेही न वाढता, नुसतं घनाचं द्रव व्हायला आणखी ४०० लागतात. म्हणजे ६६० गाठायला २० मिनिटं लागली असतील, तर पुढची १२ मिनिटं तरी धीर धरायला हवा. प्रत्यक्षात जास्तच, कारण तापलेली मूस (धातू वितळवायचं भांडं) ज्वालेकडून उष्णता कमी घेते आणि भट्टीतून बाहेर जास्त जाते. या वेळात ज्वाला कमी-जास्त करत बसू नका, भट्टीचं झाकण सारखं उघडू नका.

ओतण्यासाठी ७२० अंश धरले तर एकूण सुमारे ११४० किलोज्यूल होतात. हिशेबाने एलपीजी फक्त २५ ग्रॅम. पण छोट्या भट्टीत बहुतेक उष्णता धुरावाटे निघून जाते, त्यामुळे दहापट गॅस गेला तरी नवल नाही. भट्टीला सिरॅमिक वूलचं अस्तर असेल तर फरक लगेच जाणवतो.

आता तांबं. ते १०८५ ला वितळत असलं तरी किलोमागे साधारण ६६५ किलोज्यूलच घेतं, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी! शिसं तर ६५ किलोज्यूलच्या आत वितळतं. शून्य अंशाच्या बर्फाला ३३४ लागतात. मात्र साचा तोच असेल तर हिशेब उलटतो. १ लिटर तांबं जवळजवळ ९ किलो भरतं, अ‍ॅल्युमिनियम २.७ किलो. त्यामुळे तोच नग तांब्याचा ओतायचा तर उष्णता दुपटीहून जास्त लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : तारा आणि साचा पूर्ण कोरडे हवेत. ओलं भंगार वितळलेल्या धातूखाली गेलं, की त्यातलं पाणी वाफ होऊन हजारपटीहून जास्त फुगतं आणि धातू अंगावर उडतो. तारा आधी मुशीच्या कडेला गरम करून घ्या. मूस ग्रॅफाइटची वापरा. उघड्या लोखंडी डब्यातलं लोखंड अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं, डबा पातळ होतो आणि एक दिवस तळातून गळतो.

प्रश्न : मेणबत्त्यांचं मेण थेट गॅसवर वितळवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. १ किलो पॅराफिनला जेमतेम २७५ किलोज्यूल लागतात, पण मेणातून उष्णता फार हळू पसरते. वर लादी घट्ट असतानाच तळाचं मेण धुमसू लागतं. सुपारीएवढे तुकडे करून पातेलं उकळत्या पाण्यात ठेवा; मग मेण १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घाला. पाणी ओतू नका, पेटतं मेण घरभर उडेल.