देहोपस्थिती, हद्दपारी आणि तडीपारी

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेत हद्दपारीच्या आदेशाविरुद्ध देहोपस्थितीची याचिका, अशी बातमी वाचली. माणूस कुठे आहे हे सरकार सांगतंच आहे, मग देह उपस्थित कसला करायचा? शब्द चुकला का?’

चुकलेला नाही, अपुरा आहे. आपल्याकडे ही याचिका बेपत्ता माणसासाठी केल्याचं जास्त कानावर येतं, म्हणून ‘शोधून आणा’ एवढाच अर्थ मनात बसतो. ‘देहोपस्थिती’ हे ‘हेबिअस कॉर्पस’चं भाषांतर. मुळात तो ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याला दिलेला हुकूम: त्याला घेऊन ये आणि कोणत्या अधिकाराने डांबलंस ते सांग. सगळा जीव या दुसऱ्या भागात आहे आणि ‘देहोपस्थिती’त तोच उतरलेला नाही. ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ हा दुसरा प्रतिशब्दही माणूस समोर आणण्यापाशीच थांबतो, तरी त्यात निदान ‘बंदी’, म्हणजे कैदी, आहे. मला तो शब्द अधिक जवळचा वाटतो.

सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला उतरू न देता किनाऱ्याजवळच्या जहाजांवर अडकवून ठेवलं. त्याच्या देहोपस्थितीच्या याचिकेत तो कुठे आहे हे उघड होतं. अडवण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न होता. त्यासाठी तो नागरिक आहे का हे ठरवावं लागलं. १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जन्माने नागरिक असल्याचं सांगितलं. हद्दपारीचंही तसंच. बाहेर काढायचं तर आधी माणूस धरावा लागतो आणि त्या धरण्याला आव्हान दिलं की मागचा आदेशही उलगडावा लागतो. अमेरिकेतल्या २००५ च्या कायद्याने हद्दपारीच्या अंतिम आदेशांची तपासणी या वाटेवरून काढून अपील न्यायालयांकडे नेली. पण एप्रिल २०२५ मध्ये, १७९८ च्या परकीय शत्रू कायद्याखालच्या हकालपट्टीबाबत सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दाद हेबिअस कॉर्पसनेच मागायची, तीही जिथे डांबलंय तिथल्याच न्यायालयात.

आता ‘हद्दपारी’. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जिल्ह्याबाहेर घालवणं, म्हणजे तडीपारी, तिलाही आपण हद्दपारीच म्हणतो. (‘तड’ म्हणजे काठ, ‘तडीस नेणे’मधली तीच.) तडीपार माणूस हद्दीबाहेर मोकळा फिरतो, कोणाच्या ताब्यात नसतो. म्हणून त्या आदेशाविरुद्ध साधी रिट याचिका होते, देहोपस्थितीची नाही. परदेशी माणसाबद्दल लिहिताना ‘देशाबाहेर पाठवणी’ लिहावं आणि ‘प्रत्यार्पण’ तर मुळीच लिहू नये. ते दुसऱ्या देशाने मागितलेल्या आरोपीचं किंवा गुन्हेगाराचं होतं.