सोरायटिक आर्थ्रायटिस (सोरायसिस या त्वचेच्या आजारासोबत येणारी सांध्यांची सूज) आहे, वजन ९० किलो. सांधे दुखत असताना वजन कसं उतरवू? आंबट बंद करू का?

ताई, आधी आंबटाचं सांगते. दही, टोमॅटो, लिंबू सोडल्याने हा आजार कमी होतो असा पुरावा नाहीये, त्यामुळे तुम्हाला स्वतःला त्रास होत नसेल तर खुशाल खा. गव्हाचंही तेच, ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरच ग्लूटेन बंद करण्यात अर्थ आहे.

मलाही हाच आजार आहे आणि मी मनापासून सांगते, सगळा जोर वजनावर द्या. पोटावरची चरबी टीएनएफसारखी सूज वाढवणारी रसायनं सोडत असते, आणि आपली ती महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं त्यातली बरीचशी याच टीएनएफला अडवायला असतात, म्हणजे एकीकडे औषध घ्यायचं आणि दुसरीकडे शरीरच सूज वाढवतंय. इटलीत २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात अशी इंजेक्शनं चालू असलेल्या जाड पेशंट्समध्ये ज्यांचं वजन किमान ५ टक्के उतरलं, त्यांचा आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त होतं. तुमच्या ९० किलोला ५ टक्के म्हणजे साडेचार किलो, एवढं होण्यासारखं आहे.

वजन मुख्यतः ताटातूनच उतरतं. भाताची दुसरी वाढणी, चहाची साखर, फरसाण, बेकरीचं बिस्कीट हे आधी काढा, आणि उसळ, डाळ, अंडी, मासे, कोशिंबीर वाढवा. उपाशी राहू नका, उपासाला साबुदाणा खिचडी तर नकोच.

व्यायाम बंद ठेवू नका, फक्त सांधा बघून निवडा. टाच दुखत असेल तर धावणं आणि दोरीवरच्या उड्या नकोत, स्टॅटिक सायकल किंवा स्विमिंग करा. मनगट सुजलं असेल तर सूर्यनमस्कार नको कारण सगळा भार हातावर येतो, बोटं सुजली असतील तर डंबेल ऐवजी रबरी बँड चालतो. सकाळी अंग आखडलेलं असताना घाई करू नका, गरम पाण्याने आंघोळ करून मग सुरू करा. एखादा सांधा लाल, गरम झाला तर त्याला आराम द्या आणि बाकीचं शरीर हलवत राहा, दहा दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात.

आणि प्लीज, डाएट सुरू केलं म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नका. मेथोट्रेक्सेट (या आजारात देतात ते एक औषध) चालू असेल तर दारू नको. बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पण करून घ्या, या आजारात हार्टचा धोका वाढतो. तुमचे नेमके कुठले सांधे दुखतात ते लिहा, म्हणजे व्यायामाचं अजून नीट सांगता येईल.