गावाचा मृत्युदर डबल, म्हणजे गावात काहीतरी बिघडलंय का?

प्रश्न: आमचं गाव गोव्यात, बार्देश तालुक्यात, लोकवस्ती अडीच हजाराच्या आसपास. गेल्या वर्षी 30 माणसं गेली, त्यातली 24 साठीच्या वरची. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने हिशोब टाकला की हे हजारी 12 झाले आणि भारताचा आकडा हजारी 6, म्हणजे आपल्याकडे डबल मरण. आता सगळे मोबाइल टॉवरच्या मागे लागलेत. घाबरायचं का?
- एक वाचक, बार्देश

उत्तर: हिशोब बरोबर आहे हो, पण त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे. हजारी किती गेले हा ढोबळ दर, त्यात नव्वदीची आजी आणि तिशीतला मुलगा दोघं सारखेच मोजले जातात. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत 2020 साली केरळचा दर 7 होता आणि बिहारचा 5.4, मग काय बिहार जास्त निरोगी? त्याच वर्षी हजार जन्मांमागे बाळं दगावली ती केरळात 6 आणि बिहारात 27. केरळात म्हातारी माणसं जास्त, म्हणून एकूण दर वर दिसतो, एवढंच.

आता तुमच्या गावाकडे या. पोरं लंडनला, दुबईला, जहाजावर, घरात राहिले आईवडील, हे गोव्यात कितीतरी वाड्यांवर दिसतं. समजा अडीच हजारात साठीवरचे 600 आहेत. त्यातले 24 गेले म्हणजे हजारी 40, आणि उरलेल्या 1900 मधले 6 गेले म्हणजे हजारी 3 च्या थोडं वर. हेच दोन दर तसेच ठेवा आणि फक्त वयाची वाटणी 2011 च्या जनगणनेतल्या भारतासारखी करा, म्हणजे साठीवरचे 8.6 टक्के, अडीच हजारात 215. मृत्यू येतात साधारण 16, हजारी 6 आणि वर थोडे. कुठे गेलं डबल? गावांची, राज्यांची तुलना करायची तर अशी वय सारखं करूनच करायची.

शिवाय एका वर्षावर जाऊ नका, एवढ्याशा गावात पाचसहा मृत्यू इकडेतिकडे झाले तरी दर दोनाने हलतो, पाच वर्षांची सरासरी काढा. आणि पंचायतीच्या रजिस्टरवरच विसंबू नका कारण मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, तुमच्या गावचा माणूस बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, वारला तर तो तुमच्या पंचायतीच्या वहीत नसणार. उलट गोमेकॉत सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारचे पेशंट येतात, त्यांच्यातले जे तिथे दगावतात त्यांची नोंद गोव्यात होते, म्हणून नुसत्या नोंदी मोजून गोव्याचा दर काढला तर तो फुगतो. राहत्या पत्त्यावरून मोजायला हवं.

टॉवरचं म्हणाल तर या 30 च्या आकड्यातून टॉवरविरुद्ध काहीच सिद्ध होत नाही. मला खरी काळजी त्या सहा जणांची वाटते, साठीच्या आत गेलेल्यांची, आणि त्यांच्याबद्दल ग्रुपवर कोणी विचारलंच नाही! अपघात होते, हार्ट अटॅक होते, दारू होती की डायलिसिसवर होते? घरोघरी जाऊन, माणुसकीने, मागच्या पाच वर्षांतले असे मृत्यू वय आणि कारणासकट लिहून काढा. एकच कारण पुन्हा पुन्हा आलं तर तो कागद घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा.