कामगारांचे प्रश्न : कंपनी बंद होण्याआधी सरकारला सूचना

प्रश्न : आमची कंपनी सातारा जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवते. आम्ही १४० कायम कामगार आहोत आणि माझी १८ वर्षे नोकरी झाली आहे. गेल्या सोमवारी गेटवर नोटीस लागली की, महिनाअखेरीस उत्पादन कायमचे बंद होणार आहे. त्याच दिवसापासून एकेकाला केबिनमध्ये बोलावून, राजीनामा लिहून दिल्यास हिशेबावर एक लाख रुपये जास्त देऊ, असे सांगितले जात आहे. कंपनी बंद करण्यापूर्वी मालकाने सरकारला कळवावे लागते का? आणि कळवले आहे की नाही, हे आम्ही कसे शोधायचे?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. पुढील मजकूर वाचून, युनियनशी किंवा कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाशी बोलून होईपर्यंत राजीनाम्यावर सही करू नका. स्वेच्छेने दिलेला राजीनामा कायद्याच्या लेखी कपात ठरत नाही आणि तुमच्यापुरता कंपनी बंद झाल्याचा प्रश्नही त्यामुळे मिटतो. केबिनमध्ये बोलावण्याची घाई होते ती बहुतेक वेळा याचसाठी.

आता सरकारला कळवण्याविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून तिने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली आहे. या संहितेनुसार ज्या आस्थापनेत मागील बारा महिन्यांत सरासरी ५० किंवा अधिक कामगार होते, तिच्या मालकाने बंद करण्याच्या तारखेच्या किमान ६० दिवस आधी, कारणे स्पष्ट लिहून, सरकारला सूचना देणे बंधनकारक आहे. बांधकाम प्रकल्पांना यातून वगळले आहे. तुमची संख्या १४० असल्यामुळे ही तरतूद तुम्हाला लागू होते आणि गेटवर महिनाअखेरची तारीख लागली असेल, तर सरकारकडे सूचना त्याच्या दोन महिने आधी पोचलेली असायला हवी. गेटवरचा कागद म्हणजे सरकारला दिलेली सूचना नव्हे, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा.

सूचना देणे वेगळे आणि परवानगी घेणे वेगळे. कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी, कामगारांची सरासरी संख्या ३०० किंवा अधिक असल्यास, नुसती सूचना पुरत नाही; ९० दिवस आधी अर्ज करून सरकारची परवानगी घ्यावी लागते आणि ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. परवानगी न घेता किंवा ती नाकारली गेल्यानंतरही कारखाना बंद केला, तर तो बंद बेकायदा ठरतो आणि कारखाना चालूच आहे असे धरून कामगारांचे सर्व हक्क कायम राहतात. १९७६ मध्ये ही तरतूद आली तेव्हा मर्यादा ३०० होती. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. नव्या संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली आहे. तुमच्यासारख्या मध्यम कारखान्यांतील माणसांची सर्वात मोठी ढाल यामुळे गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकाची बाजूही न्यायालयाने पूर्वी ऐकली आहे. मुंबईतील एक्सेल वेअर या कपडे बनवणाऱ्या कारखान्याला राज्य सरकारने बंदची परवानगी नाकारली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरले. त्यानंतर कारणे नोंदवणे आणि दोन्ही बाजू ऐकून घेणे अशा अटी घालून ते पुन्हा लिहिले गेले व २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

सूचना गेली आहे का, हे शोधण्याचा मार्ग सोपा आहे. तुमच्या जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात युनियनच्या लेटरहेडवर, युनियन नसल्यास पंधरा-वीस जणांच्या सह्यांनी, अर्ज द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सूचनेची प्रत, ती मिळाल्याची तारीख आणि त्यात दिलेले कारण मागा. सूचना आलेलीच नसेल, तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करून समेट अधिकाऱ्यासमोर बैठक लावण्याची मागणी करा. गेटवरच्या नोटिशीचा, तारीख वाचता येईल असा, फोटो आजच काढून ठेवा. ती नोटीस उद्या तिथे असेलच असे नाही.

सूचनेतील कारणालाही महत्त्व आहे. मालकाच्या हाताबाहेरील अटळ परिस्थितीमुळे कारखाना बंद झाला, तर भरपाईवर तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची कमाल मर्यादा येते. मात्र आर्थिक अडचण, तोटा, माल पडून राहणे किंवा जागेचा भाडेपट्टा संपणे ही कारणे केवळ तेवढ्यावर अटळ मानली जात नाहीत, असे कायद्यातच लिहिले आहे. ‘ऑर्डर नाहीत’ असे सांगून कोणी तीन महिन्यांवर बोळवण करू पाहील, तर हे वाक्य पुढे करा.

तुमचा पगार, म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून, २६,००० रुपये आहे असे समजू. बंदच्या भरपाईसाठी दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार म्हणजे अर्धा महिना धरला जातो : १३,००० गुणिले १८, म्हणजे २,३४,००० रुपये. ग्रॅच्युइटीतही १५ दिवसच असतात, पण तिथे महिना २६ दिवसांचा धरतात, त्यामुळे दर वर्षाचे १५,००० आणि एकूण २,७०,००० रुपये होतात. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर त्या महिन्याचा पगार वेगळा. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळतेच. जाते ती भरपाई. तेव्हा वरच्या एक लाखाची तुलना या २,३४,००० रुपयांशी करा आणि हिशेबात काय काय धरले आहे, ते लेखी मागा.

गिरणगावातील कितीतरी घरांनी १९८२ च्या संपानंतर असा काळ पाहिला आहे की, गिरणीचा भोंगा थांबलेला आहे आणि रीतसर बंद झाल्याचा कागद मात्र कुठेच नाही. तारीख नसेल तर भरपाई कोणत्या दिवसापासून मागायची, हाच वाद वर्षानुवर्षे चालतो. म्हणून सरकारी दप्तरातील त्या एका तारखेसाठी मी इतका आग्रह धरतो आहे.

प्रश्न : हिंजवडीतील आयटी कंपनीत मी चार वर्षे टेस्टिंगचे काम करतो. आमच्या टीममधील चाळीस जणांना एकाच दिवशी काढले. आम्हाला हे कायदे लागू होतात का?

उत्तर : परवानगीची अट फक्त कारखाने, खाणी व मळ्यांना असल्यामुळे ती तुमच्या कंपनीला लागू होत नाही. कपातीचे साधे नियम मात्र पदनामावर ठरत नाहीत. तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता यावर ठरतात. तांत्रिक काम करणारा ‘कामगार’ या व्याख्येत येतो. व्यवस्थापकीय अधिकार असणारा येत नाही. तुमच्या हाताखाली माणसे नसतील, रजा मंजूर करण्याचे अधिकार नसतील, तर व्हिजिटिंग कार्डावर ‘लीड’ असे छापलेले असूनही तुमचा दावा बळकट राहतो. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, दर वर्षाला १५ दिवसांची भरपाई, आणि त्याबरोबर सरकारला कपातीची सूचना, या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय नव्या संहितेनुसार मालकाने पुनर्कौशल्य निधीत प्रत्येक कपात झालेल्या कामगारामागे १५ दिवसांचे वेतन भरायचे असून ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. वर्षभरात कंपनीने पुन्हा भरती केली, तर कपात झालेल्यांना प्राधान्य मिळते. म्हणून कंपनीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एच-वन-बी व्हिसावर नोकरी करते. तिच्या कंपनीत मोठी कपात होणार अशी कुजबुज आहे. तिथे आधी कळते का?

उत्तर : अमेरिकेत १९८८ चा ‘वॉर्न’ नावाचा कायदा आहे. साधारणतः १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने मोठी कपात किंवा बंद करण्याच्या ६० दिवस आधी कर्मचाऱ्यांना, राज्य सरकारच्या संबंधित विभागाला आणि स्थानिक प्रशासनाच्या प्रमुखाला लेखी कळवावे लागते. न्यू जर्सीने एप्रिल २०२३ पासून ही मुदत ९० दिवसांवर नेली आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार देणेही सक्तीचे केले. नोकरी संपल्यानंतर एच-वन-बी व्हिसावरील व्यक्तीला नवी नोकरी किंवा दुसरी सोय पाहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि देशात राहण्याची मंजूर मुदत त्याआधी संपत असेल, तर त्याहूनही कमी. त्यामुळे तिने नोटिशीवर छापलेली नोकरीची शेवटची तारीख नीट पाहावी आणि नव्या अर्जांची सुरुवात नोटीस हातात पडल्या दिवसापासून करावी.