मतदानाआधीचं सरकार

प्रश्न : प्रजासत्ताक १९५० साली आलं, पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये. मधल्या काळात सरकार कोणाचं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वर्गात शिकवताना मलाही हा प्रश्न फार आवडायचा. घटना समितीनेच २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांना बिनविरोध राष्ट्रपती निवडलं. दोन दिवसांनी तीच समिती हंगामी संसद झाली, पंतप्रधान नेहरूच राहिले. आपलं कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ लाच मुंबई प्रांतात विलीन झालेलं.

लोकांचा कौल नंतर. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिकेवर शिक्का नाही, ती नुसती पेटीत टाकायची. माझी आजी ठेवणीतलं लुगडं नेसून गेली होती. अंगठाबहाद्दर बाई, पण काँग्रेसचं तेव्हाचं चिन्ह, बैलजोडी, तिने बरोबर ओळखलं.